होल्कम हिलवरचा पीलचा मनोरा : बांधायला दोन वर्षं, सांभाळायचं कुणी?

मँचेस्टरच्या उत्तरेला बेरी म्हणून शहर आहे, तिथून वर रॅम्सबॉटमकडे निघालं की डाव्या हाताला डोंगराच्या कडेवर एक काळपट चौकोनी मनोरा दिसायला लागतो, आणि एकदा दिसला की वळणं घेतली तरी पाठ सोडत नाही. उंची १२८ फूट, टेकडी स्वतः हजार-अकराशे फुटांची, म्हणजे अख्ख्या खोऱ्यावर नजर. खाली रुंद चौकोनी बैठक, वर किल्ल्यासारखे कंगोरे, आणि दारावर आडनाव कोरलेलं, पील. सर रॉबर्ट पील, ब्रिटनचा दोनदा झालेला पंतप्रधान, १८५० ला वारला आणि १८५२ च्या सप्टेंबरात हा मनोरा उभा राहून उद्घाटनसुद्धा झालं. लोकवर्गणीतून, साधारण हजार पौंडांत.

केस म्हणून मला हा मनोरा इंटरेस्टिंग वाटतो कारण स्मारकाचं जे काय जे काय होऊ शकतं ते सगळं याचं झालंय. घाईत वर्गणी, धुमधडाक्यात उद्घाटन, मग दुर्लक्ष, मग कुलूप, मग दुरुस्ती, मग "हा माणूस खरंच एवढा चांगला होता का" वाला वाद. आणि एवढं सगळं होऊनही तो उभा आहे, समोरच्या डोंगरावरचा दुसरा एक मनोरा मात्र कधीच कोसळला. पीलचा का राहिला आणि तो का नाही, हा खरा प्रश्न आहे.

आधी माणूस. पीलचा जन्म ५ फेब्रुवारी १७८८ चा, बेरीतल्या चेंबर हॉलमधला. आजोबांनी छापील सुती कापडाच्या धंद्यात पैसा केला, बापानं तो कित्येक पटींनी वाढवला, बेरी आणि रॅम्सबॉटमच्या ओढ्यांवर गिरण्या, रंगाई, छपाई, सगळं. बाप श्रीमंत झाला तसा खासदार झाला, सरदारकी मिळवली आणि मुक्काम हलवून इंग्लंडच्या मध्यभागी टॅमवर्थजवळ जमीनजुमला घेतला. पोरगा हॅरोला, मग ऑक्सफर्डला. म्हणजे बेरीशी पीलचं नातं जन्मापुरतं, बेरीचा खासदार तो कधी नव्हताच, १८३० पासून शेवटपर्यंत टॅमवर्थचा. पण गावाला काय, जन्म झाला ना इथे, बास. आपल्याकडे पण कुठल्या नेत्याचा जन्म मामाच्या गावी झाला असेल तर मामाचं गाव सोडत नाही.

पीलला बहुतेक लोक पोलिसांमुळे ओळखतात. गृहमंत्री असताना १८२९ ला त्यानं लंडनची मेट्रोपॉलिटन पोलीस काढली, त्याच्या नावावरून शिपायांना पीलर आणि बॉबी म्हणायला लागले, बॉबी तर आजपण म्हणतात. त्याच वर्षी कॅथलिकांना संसदेत बसायचा हक्क देणारा कायदा त्यानंच मांडला, ज्याला आधी आयुष्यभर विरोध केला होता (आयर्लंडमधे असताना तर त्याला ऑरेंज पील म्हणायचे, कट्टर प्रोटेस्टंट म्हणून). ही त्याची सवयच. आधी विरोध, मग आकडे बघायचे, मग स्वतःच कायदा आणायचा आणि आपल्याच पक्षाच्या शिव्या खायच्या.

पण होल्कम हिलवरचा मनोरा पोलिसांसाठी नाहीये. तो भाकरीसाठी आहे.

१८१५ ला, नेपोलियनची लढाई संपल्यावर, ब्रिटनच्या संसदेनं धान्य कायदा केला. संसद म्हणजे तेव्हा बहुतेक जमीनदारच. कायदा असा की देशातला गहू क्वार्टरला ८० शिलिंगच्या (म्हणजे चार पौंडांच्या) वर जात नाही तोपर्यंत बाहेरचा गहू विकायलाच आणायचा नाही. क्वार्टर म्हणजे आपल्या हिशोबात सव्वादोन क्विंटलच्या आसपास. आपल्याकडे कांदा महागला की सरकार निर्यात बंद करून शहरातल्या लोकांना खूश करतं आणि शेतकरी बोंबलतो, इथे बरोब्बर उलटं, आयात बंद करून जमीनदाराचा भाव टिकवायचा आणि बोंबलणार गिरणी कामगार. १८२८ ला बंदीच्या जागी कमीजास्त होणारी जकात आली पण मूळ दुखणं तेच. लँकेशायरसारख्या, म्हणजे बेरी-मँचेस्टरच्या, भागात, जिथे माणसं शेत सोडून गिरणीत आलेली आणि मजुरीचा मोठा भाग ब्रेडवर जायचा, तिथे हा रोजच्या जेवणाचा विषय होता. १८३८ ला मँचेस्टरमधे रिचर्ड कॉब्डन, जॉन ब्राइट वगैरे मंडळींनी कायदा रद्द करायची चळवळ सुरू केली आणि ती त्या काळातली सगळ्यात पद्धतशीर चळवळ ठरली, सभा, पत्रकं, टपालाने घरोघर साहित्य, सगळं.

आता गंमत अशी की पील या चळवळीच्या विरुद्ध बाजूचा. १८४१ ला तो पंतप्रधान झाला तो जमीनदारांच्याच पक्षाच्या जिवावर. पण तो आकडे बघणारा माणूस. १८४२ ला त्यानं शांततेच्या काळातला पहिला इन्कम टॅक्स आणला, वर्षाला १५० पौंडांच्या वर कमाई असेल तर पौंडाला सात पेन्स (तेव्हा पौंडात २४० पेन्स), आणि त्या पैशावर शेकडो वस्तूंवरची जकात कमी केली. १८४५ ला आयर्लंडमधे बटाट्यावर रोग पडला. पीलनं अमेरिकेतून एक लाख पौंडांचा मका गुपचूप मागवला आणि मग म्हणाला की बास, धान्य कायदाच काढायचा. त्याच्या पक्षाचे दोन तृतीयांश खासदार विरोधात गेले, त्याच्याच पक्षाचा डिझरेली रोज सभागृहात त्याची सालटी काढत होता, तरी विरोधी पक्षाच्या मतांवर बिल पास झालं. २५ जून १८४६ ला वरच्या सभागृहातून, लॉर्ड्समधून, ते सुटलं आणि त्याच रात्री खालच्या, कॉमन्समधे, आयर्लंडच्या दुसऱ्या एका बिलावर सरकार हरलं. २९ जूनला राजीनामा. जाताना भाषणात म्हणाला की घाम गाळून पोट भरणाऱ्यांच्या घरात, भरपूर आणि करमुक्त अन्न खाताना, माझं नाव कधीतरी चांगल्या अर्थानं निघेल एवढं पुरे. राजकारणी लोक जाताना अशी वाक्यं टाकतातच, पण याचं खरं निघालं. जकात टप्प्याटप्प्यानं उतरत १८४९ ला नाममात्र राहिली आणि १८५१ पर्यंत गव्हाचा सरासरी भाव क्वार्टरला ४० शिलिंगच्याही खाली आला.

मग २९ जून १८५० ला, राजीनाम्याला चार वर्षं झाली त्याच तारखेला, लंडनमधे कॉन्स्टिट्यूशन हिलवर घोड्यावरून पडला, घोडा अंगावर आला, आणि २ जुलैला गेला.

टायमिंग बघा. माणूस अपघातात अचानक गेलेला, ज्या पक्षानं त्याला बाहेर काढलं त्याच्याबद्दल गिरणीवाल्या उत्तरेत राग, ब्रेड स्वस्त, गिरण्या जोरात चाललेल्या. वर्गणी मागायला यापेक्षा चांगली वेळ नाही. देशभर पीलच्या स्मारकांची लाटच आली. लीड्स, प्रेस्टन, मँचेस्टर, ब्रॅडफर्ड, ग्लासगो, सगळीकडे पुतळे, आणि त्याशिवाय कामगारांकडून एकेक पेनी गोळा करायची मोहीमही झाली. बेरीनं पण भर बाजारात पुतळा बसवला, १८५२ लाच, शिल्पकार एडवर्ड हॉजेस बेली, म्हणजे लंडनच्या ट्रॅफल्गर स्क्वेअरच्या खांबावरचा नेल्सन ज्यानं केला तोच. म्हणजे एकाच माणसासाठी एकाच वर्षात, एकाच भागात, एक पुतळा आणि एक मनोरा. जरा जास्तच झालं असं आज वाटतं, पण तेव्हाच्या लोकांना नसेल वाटलं.

मनोऱ्याची जागा मात्र हुशारीनं निवडली. होल्कम हिल रॅम्सबॉटमच्या डोक्यावर आहे आणि खाली खोऱ्यात पीलच्या बापाच्या कंपनीचे जुने छपाई कारखाने होते. बांधकामाचा दगड तिथलाच, ग्रिटस्टोन म्हणजे खरखरीत वालुकाश्म, त्याच टेकडीतून खणून काढलेला, आणि हजार पौंडांत एवढा मोठा मनोरा कसा बसला याचं निम्मं उत्तर यात आहे, कारण असल्या कामात दगडापेक्षा दगड वर चढवायचा खर्च जास्त असतो आणि इथे तो वरच होता. नक्षी नाही, मूर्ती नाही, आत वर जायला १४८ पायऱ्या. शहरातल्या पुतळ्यात चेहरा, कपडे, उभं राहायची ढब, सगळ्यावर कमिटीत भांडणं होऊ शकतात, चौकोनी दगडी मनोऱ्यात भांडायला काही नसतं. मला वाटतं दोन वर्षांत काम उरकलं त्याचं हे पण एक कारण.

आता जे मनोरा सांगत नाही ते.

पहिलं म्हणजे कामगारांचा कैवारी ही प्रतिमा अर्धी खरी. १८४४ ला गिरण्यांमधे दहा तासांची मर्यादा घालायची सूचना संसदेत आली तेव्हा पीलनं राजीनाम्याची धमकी देऊन ती हाणून पाडली, दहा तासांचा कायदा तो गेल्यावर १८४७ ला आला. म्हणजे ब्रेड स्वस्त पण कामाचे तास तेवढेच. धान्य कायद्याविरुद्धच्या चळवळीवर शंका घेणारे कामगार तेव्हाही होते, त्यांचं म्हणणं की मालकांना ब्रेड स्वस्त हवाय तो मजुरी वाढवायला लागू नये म्हणून. हे म्हणणं अगदीच चूक म्हणता येत नाही.

दुसरं आपल्या जवळचं. पील पंतप्रधान असताना हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल होता एलेनबरो. त्याच्या काळात १८४३ ला सिंध गिळलं आणि त्याच वर्षी २९ डिसेंबरला महाराजपूर आणि पन्यारला एकाच दिवशी दोन लढाया करून ग्वाल्हेरच्या शिंद्यांची फौज मोडली. लंडनमधे सिंधवरून नाराजी होती, एलेनबरोला ईस्ट इंडिया कंपनीच्या डायरेक्टरांनी १८४४ ला परत बोलावलं, पण सिंध काही परत दिलं नाही आणि शिंद्यांचं सैन्य काही पुन्हा वाढू दिलं नाही. यातलं काही होल्कम हिलच्या दगडावर असेल अशी अपेक्षाच नाही, पण मराठी माणसानं तिथे फोटो काढताना डोक्यात असायला हरकत नाही.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पीलनं ज्या खुल्या व्यापाराचं दार उघडलं त्याचा लँकेशायरला दुहेरी फायदा, बाहेरचा गहू स्वस्त आत आणि आपलं कापड बाहेर. कापूस लागणार तो कुठून, अमेरिकेतून, आणि ती कमी पडली तर आपल्याकडून. मनोरा उभा राहिला त्याच्या पुढच्याच वर्षी, १८५३ ला, निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, कापसाचा वऱ्हाड. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, कापूस थांबला, याच खोऱ्यातल्या गिरण्या बंद पडून माणसं उपाशी राहिली आणि तिकडे मुंबईत कापसाच्या भावानं लोक वेडे झाले, बँका काय, समुद्र बुजवणाऱ्या भरणी कंपन्या काय, १८६५ ला लढाई संपली आणि सगळं धाडकन खाली. रॅम्सबॉटमचा दुष्काळ आणि मुंबईचा सट्टा एकाच दोरीची दोन टोकं.

आणि मग तोच खुला व्यापार आपल्यावर उलटला. १८८२ ला लँकेशायरच्या दबावानं हिंदुस्थानातली कापडावरची आयात जकात काढली. १८९४ ला तिजोरीसाठी परत लावायची वेळ आली तर मँचेस्टरवाले म्हणाले मग हिंदी गिरण्यांच्या कापडावर पण तेवढाच कर लावा, आणि १८९६ ला साडेतीन टक्के अबकारी बसली, स्वतःच्याच देशात केलेल्या कापडावर. त्याच्या निषेधात १८९६ ला महाराष्ट्रात विलायती कापडावर बहिष्काराची हाक उठली, टिळक त्यात होते. त्याच्या चार वर्षं आधी, १८९२ ला, पुण्यात डेक्कन कॉलेजमधे न्यायमूर्ती रानड्यांनी भाषण करून सांगितलंच होतं की इंग्लंडला सोयीचं अर्थशास्त्र म्हणजे जगाचा नियम नव्हे. ज्या विचारासाठी बेरीच्या लोकांनी मनोरा बांधला त्याच विचाराला इकडे गिरगावात आणि पुण्यात शिव्या पडत होत्या, आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक होत्या. ती अबकारी जायला १९२६ उजाडलं.

बरं, परत टेकडीवर. उद्घाटनानंतर मनोऱ्याचं काय झालं तर पुष्कळ वर्षं काहीच नाही, आणि हाच प्रॉब्लेम. वर्गणीतून बांधलेल्या वास्तूला बांधायचा फंड असतो, सांभाळायचा नसतो. उघड्या डोंगरावर पाऊस आडवा येतो, दगडाच्या सांध्यात पाणी शिरतं, थंडीत गोठतं, फुगतं, सांधा सैल करतं, आणि हे दर हिवाळ्यात. आतला जिना, खिडक्या, छप्पर, सगळ्याला माणूस लागतो. पीलच्या ज्या पिढीनं ब्रेड महाग बघितला होता ती गेली, नातवांना ब्रेड स्वस्तच असतो असं वाटायला लागलं. १९४७ ला मनोरा धोकादायक झाला म्हणून बंद केला. सर्वसामान्यांसाठी परत उघडला तो १९८५ ला, बेरीच्या कौन्सिलनं दुरुस्ती केल्यावर. अडतीस वर्षं कुलूप.

समोरच्या मनोऱ्याचं सांगायचं राहिलं. पीलच्या बापानं रॅम्सबॉटमचा कारखाना १८०६ ला विकला तो ग्रँट नावाच्या स्कॉटिश कुटुंबाला. ते लोक कफल्लक म्हणून या भागात आले होते, खोऱ्यावरच्या एका डोंगरावरून त्यांनी पहिल्यांदा हे सगळं पाहिलं असं सांगतात, आणि श्रीमंत झाल्यावर १८२९ ला तिथे त्यांनी आठवणीचा मनोरा बांधला. १९४४ ला तो कोसळला. म्हणजे पीलचा मनोरा बंद पडायच्या फक्त तीन वर्षं आधी. तेच हवामान, साधारण तोच काळ, तसलाच दगड.

फरक कशात? पील मोठा आणि ग्रँट छोटे म्हणून, असं उत्तर सोपं आहे पण मला पटत नाही, कारण १९४७ ला पीलच्या मोठेपणानं मनोऱ्याची एक पायरी पण दुरुस्त झाली नाही. माझ्या मते फरक पडला तो लोकांच्या पायांनी. होल्कम हिल चढायची तिथे रीत आहे, विशेषतः गुड फ्रायडेला, घरच्या घरं, म्हाताऱ्या आज्ज्यांपासून काखेतल्या पोरांपर्यंत, वर चढतात. ते पीलला वंदन करायला जात नाहीत, बऱ्याच जणांना धान्य कायदा म्हणजे काय ते सांगता पण येणार नाही. ते जातात कारण आई न्यायची, आणि आईला तिची आई न्यायची. मनोरा त्या चढणीचं टोक झाला, नकाशातली खूण झाला, लांबून दिसला की घर आलं असं वाटायला लावणारी गोष्ट झाला, आणि असल्या गोष्टीला कौन्सिल सहजासहजी पडू देत नाही कारण मतदार विचारतो. ग्रँटांचा मनोरा एका घराण्याची आठवण होती, घराणं पांगलं की विचारणारं कोण. पीलच्या नावाचा उपयोग झाला तो सुरुवातीला पैसे जमवायला, टिकायला नाही.

हेच २०२० ला परत दिसलं. त्या उन्हाळ्यात ब्रिटनमधे गुलामगिरीशी संबंधित पुतळे काढायची मागणी जोरात होती आणि पीलचे पुतळेही त्यात ओढले गेले. त्यात एक गल्लत होती, गुलामांच्या व्यापारावरच्या बंदीला संसदेत विरोध केला तो बापानं, त्याचं पण नाव सर रॉबर्ट पीलच, बंदीचा कायदा झाला १८०७ ला तेव्हा मुलगा एकोणीस वर्षांचा कॉलेजात शिकत होता. हा झाला एक खुलासा. पण घरातला पैसा गुलामांनी वेचलेल्या कापसावरच उभा होता, आणि हॅरो-ऑक्सफर्डची फी त्यातूनच गेली, हे खुलाशानं पुसलं जात नाही. मला तरी वाटतं की बाप वेगळा, मुलगा वेगळा एवढं म्हणून विषय बंद करणं म्हणजे सोयीस्कर. पण लक्षात घ्या, तो वाद पेटला शहरातल्या पुतळ्यांवरून. शंभराच्या वर फूट उंच, त्याच माणसाचं नाव दारावर असलेला मनोरा त्या मानानं शांत राहिला, कारण चेहरा नसलेल्या दगडावर राग काढता येत नाही आणि लोकांच्या डोक्यात तो पीलचा कमी आणि टेकडीचा जास्त आहे.

सध्या मनोरा कौन्सिलच्या ताब्यात आहे आणि संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे. रोज उघडा नसतो. पद्धत अशी की वर झेंडा फडकत असेल तर दार उघडं, नसेल तर बंद, म्हणजे खाली रॅम्सबॉटमच्या रस्त्यावरून मान वर करून कळतं. बेरीहून रॅम्सबॉटमला जुनी वाफेची गाडी जाते, तीच लाइन जी पीलनं राजीनामा दिला त्याच वर्षी, १८४६ ला सुरू झाली होती आणि आता हौशी लोक चालवतात, त्यामुळे त्या भागात गेलात तर गाडीनं जा आणि स्टेशनवरून चालत चढा. चढ छातीवरचा आहे, वारा सुटलेला असतो, जाकीट न्या. झेंडा नसला तर १४८ पायऱ्या वाचल्या म्हणायचं आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूला भिंतीला पाठ टेकून डबा उघडायचा, त्याला कुणी कधी कुलूप लावलेलं नाही.